अनुदानाची यादी आणि गावाचा विश्वास

शासनाचे अनुदान गावात आले म्हणजे चावडीसमोर दोन प्रश्न हटकून विचारले जातात : ते कोणाला मिळाले आणि आपल्याला का मिळाले नाही? या प्रश्नांना लेखी उत्तर नसेल तर त्याची जागा कुजबूज घेते. पात्र शेतकरी वंचित राहतो, अपात्राचे फावते आणि प्रामाणिक कर्मचाऱ्यावरही संशय घेतला जातो. म्हणूनच लाभार्थींची यादी प्रसिद्ध करणे हा केवळ उपचार नसून योजनेच्या अंमलबजावणीचाच एक भाग होय.

कायद्याची अपेक्षा

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने अनुदान कार्यक्रमांच्या अंमलबजावणीची रीत, त्यांसाठी दिलेल्या रकमा आणि लाभार्थींचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करावयाचा आहे. त्यासाठी कोणाच्या अर्जाची वाट पाहावयाची नाही. माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात परिणामकारक ठरणारी पद्धत विचारात घ्यावी, असेही हे कलम सांगते. सूचनाफलक, वृत्तपत्रे, जाहीर घोषणा व इंटरनेट ही साधने त्यात नमूद आहेत. यादी संकेतस्थळावर असली तरी ग्रामपंचायतीचा फलक आणि दवंडी यांचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

यादीचा उपयोग

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेचा आरंभ २४ फेब्रुवारी २०१९ रोजी झाला. पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये तीन समान हप्त्यांत थेट बँक खात्यात देण्याची ही योजना आहे. प्राप्तिकर भरणाऱ्या व्यक्ती त्यास अपात्र आहेत. तरीही ४२ लाखांहून अधिक अपात्र व्यक्तींच्या खात्यांत २,९०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमा झाल्याची माहिती २०२१ मध्ये संसदेत देण्यात आली. ती वसूल करण्याचे काम राज्यांवर येऊन पडले. कोण नोकरीत आहे, कोणाची जमीन विकली गेली, हे गावाला ठाऊक असते. यादी गावात वाचली गेली तर अशी चूक रक्कम वाटली जाण्यापूर्वीच लक्षात येऊ शकते. तद्वतच, नाव गळालेल्या पात्र शेतकऱ्यास वेळीच दाद मागता येते. या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतही गावपातळीवर यादी प्रसिद्ध करण्याची आणि वगळलेल्यांना बाजू मांडण्याची संधी देण्याची तरतूद आहे.

खाजगी बाबींची मर्यादा

मात्र पारदर्शकता म्हणजे सर्व काही उघड करणे नव्हे. युरोपीय संघाने कृषी अनुदान घेणाऱ्यांची नावे व रकमा प्रसिद्ध करण्याचा नियम केला, तेव्हा जर्मनीतील हेसन राज्यातील शेतकऱ्यांनी त्यास आव्हान दिले. ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने, रक्कम व कालावधी यांचा विचार न करता सर्व व्यक्तींची नावे सरसकट छापणे अवाजवी ठरविले. त्यानंतर २०१३ मध्ये नवा नियम आला. नावे पुन्हा प्रसिद्ध होऊ लागली. परंतु ठरावीक मर्यादेपेक्षा कमी रक्कम घेणाऱ्यांची नावे वगळण्यात आली.

आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मधील व्यक्तिगत माहितीविषयीची तरतूद बदलली. तथापि अनुदान लाभार्थींबाबतची कलम ४ मधील तरतूद त्याने बदललेली नाही. आधार क्रमांक जाहीररीत्या प्रसिद्ध करण्यास मात्र २०१६ च्या आधार कायद्याने मनाई केली आहे.

तेव्हा फलकावरील यादीत लाभार्थीचे नाव, गाव, योजना, रक्कम आणि दिनांक असावा. आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक व भ्रमणध्वनी क्रमांक नसावेत. यादीखाली हरकत कोणाकडे व केव्हापर्यंत नोंदवावी, हेही लिहावे. ग्रामसेवकाने ती ग्रामसभेत वाचावी, सदस्यांनी आलेल्या हरकती नोंदवून घ्याव्यात आणि शिक्षकांनी निरक्षरांना ती समजावून सांगावी. अनुदानाचा पैसा जनतेचा आहे. त्याचा हिशेबही जनतेसमोरच मांडला गेला पाहिजे.