टीबी की कॅन्सर? निदान ठरेपर्यंतचे दिवस

प्रश्न : माझ्या वडिलांचं वय ६४. दोन महिन्यांपासून खोकला आहे, वजनही उतरलंय. नांदेडला सीटी स्कॅन केला, तर उजव्या फुप्फुसात गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, टीबी असू शकतो, कॅन्सरही असू शकतो. सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला, ‘नमुना अपुरा, निदान करता येत नाही’. आता परत तुकडा काढायचा म्हणतात. गावात सगळे सांगतात, हत्यार लावलं की कॅन्सर पसरतो. वडिलांना आम्ही अजून काहीच बोललो नाही. रात्र रात्र झोप लागत नाही. काय करावं?
– एक वाचक, चुडावा (ता. पूर्णा, जि. परभणी)

उत्तर : एकदा नक्की कळलं की माणूस कंबर तरी कसतो. ‘असेलही, नसेलही’ यानं मात्र सगळं घर खचतं. तुमची झोप उडाली यात नवल नाही. तरी या दिवसांत आपल्या हातात काहीच नाही, असं समजू नका. अंदाज बांधणं सोडा. पुढची तपासणी कोणती आणि ती कोणत्या तारखेला, एवढं धरून चाला. आणि वडिलांना या सगळ्यात सोबत घ्या.

रिपोर्ट काय सांगतो?
‘नमुना अपुरा’ याचा अर्थ कॅन्सर नाही असा होत नाही आणि आहे असाही होत नाही. गाठीच्या मध्यभागी बऱ्याचदा मृत पेशी असतात, कडेला नुसती सूज असते. सुई तिथं गेली तर पॅथॉलॉजिस्टला ठरवण्यापुरत्या पेशी मिळत नाहीत. अशा वेळी घाईनं मत न देता ‘सांगता येत नाही’ असं लिहिणं हेच प्रामाणिक काम आहे. टीबी आणि फुप्फुसाचा कॅन्सर एक्स-रे आणि सीटीवर एकमेकांसारखे दिसू शकतात. पेट स्कॅनमध्ये टीबीची गाठही उजळते. रक्तातल्या ‘मार्कर’वरूनही निदान पक्कं होत नाही. म्हणून तुकडा तपासल्याशिवाय गत्यंतर नाही.

हत्यार लावल्यानं पसरतो का?
ही भीती घरोघरी आहे. सुईच्या वाटेवर पेशी रुजणं फारच विरळा. निदानाविना महिने जाणं हा त्याहून कितीतरी मोठा धोका आहे. छातीत सुई घातल्यावर हवा साठणं किंवा थोडं रक्त येणं होऊ शकतं, म्हणून रुग्णाला काही तास नजरेखाली ठेवतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. ती आपल्या मनानं बंद करू नका.

दुसऱ्या बायोप्सीआधी हे विचारा
• तुकडा दुर्बिणीतून श्वासनलिकेवाटे काढणार की सीटीत बघून सुईनं? वडिलांच्या गाठीला कोणती वाट बरी?
• टीबीसाठी वेगळा नमुना पाठवणार ना? फॉर्मॅलिनमध्ये टाकलेल्या तुकड्यातून टीबीचे जंतू वाढवता येत नाहीत. त्यासाठी काही भाग सलाईनमध्ये पाठवावा लागतो. हे आधी ठरलं नाही, तर पुन्हा सुई घालायची वेळ येते.
• रिपोर्ट कधी मिळेल? बायोप्सीला बहुधा काही दिवस लागतात. पेशी कुठल्या अवयवातल्या हे ओळखायला ‘आयएचसी’ नावाची तपासणी लागली तर आणखी काही दिवस. टीबीच्या जंतूंच्या कल्चरला सहा आठवडेही लागू शकतात. उशीर झाला म्हणजे बातमी वाईटच, असं नसतं.

थुंकीची सीबीनॅट तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. ती झाली नसेल तर लगेच करून घ्या. पुराव्याविना ‘बघू तरी’ म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, तर फेरतपासणीची तारीख त्याच दिवशी लिहून घ्या. गाठ कमी होत नसताना सहा महिने गोळ्या खात राहिल्यानं कॅन्सर उशिरा कळल्याची उदाहरणं आपल्याकडे बरीच आहेत. आणि टीबी सापडला तरी डॉक्टर म्हणतील तेव्हा फेरतपासणीला जाच; दोन्ही आजार एकत्रही असू शकतात.

वडिलांना सांगायचं का?
सांगायचं. दोनदा सुई टोचून घेणाऱ्या माणसाला घरातली कुजबुज कळत नाही, असं होत नाही. न सांगितल्यानं त्यांची भीती कमी होत नाही, ते एकटे पडतात. आधी विचारा, ‘नाना, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगू का?’ हो म्हणाले तर जेवढं खरं आहे तेवढंच सांगा : ‘छातीत गाठ दिसते. टीबीची असेल, कॅन्सरची असेल, अजून ठरलं नाही. म्हणून परत तुकडा काढायचाय. तुम्हाला काय वाटतं?’ ‘तुम्हीच बघा’ म्हणाले तर तेही मान्य करा, पण ‘काही नाही झालं’ असं खोटं सांगू नका. उद्या उपचार सुरू झाले तर त्यांचा तुमच्यावरचा विश्वास लागेल.

घरच्यांनी काय करावं?
एक वही करा : तारीख, तपासणी, डॉक्टरांचं म्हणणं, पुढची तारीख. डॉक्टरांशी एकानंच बोलावं आणि बाकीच्यांना त्यानं कळवावं. भेटायला येणाऱ्यांना एकच उत्तर द्या, ‘तपासण्या चालू आहेत, ठरलं की सांगू’. वडिलांचं दूध, अंडी, वरण, भाकरी तोडू नका. ऐकीव पथ्यानं वजन आणखी घटतं. बिडी-तंबाखू असेल तर आजच थांबवा, निदान काहीही निघो. तुमची झोप, जेवण, शेतातलं काम चालू राहू द्या. मन फारच भरून आलं तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

दुसरं मत कुठं?
दुसरं मत घेतलं म्हणून पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. मोबाईलवरचे फोटो मात्र पुरत नाहीत. बायोप्सीच्या काचपट्ट्या, मेणाचा ब्लॉक आणि सीटीची सीडी मागून घ्या. तुम्हाला नांदेडच्या विष्णुपुरीतलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. त्यापुढे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय आहे. कॅन्सर ठरला तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. आपल्या रुग्णालयात काय बसतं, हे आरोग्यमित्राला आधी विचारा. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वे भाड्यातही सवलत आहे. त्याचा दाखला रुग्णालय देतं.

इथं थांबू नका
खोकल्यातून जास्त रक्त पडलं, दम वाढला, चेहरा-मान सुजली, बोलण्यात गोंधळ आला, पाय लुळे पडले किंवा लघवी अडली, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

टीबी निघाला तर तो औषधांनी बरा होतो. कॅन्सर निघाला तर त्याचा प्रकार आणि टप्पा बघून उपचार ठरतात, आणि ते लवकर ठरलेले बरे. दोन्ही वाटा पुढच्या बायोप्सीतूनच जातात. म्हणून आज संध्याकाळी वडिलांशी बोला आणि उद्या सकाळी तारीख घ्या.