रोजची कामे आणि आपले आरोग्य



अंथरूण आवरणे, केस विंचरणे, तांदूळ निवडणे, कुंड्यांना पाणी घालणे ही कामे आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असतात की आरोग्याशी त्यांचा संबंध जोडावासा वाटत नाही. आजारपणात ती हातून सुटली, की मग त्यांची किंमत कळते.

या विचारावर एक शास्त्र उभे आहे. त्याचे नाव व्यवसायोपचार. येथे व्यवसाय म्हणजे केवळ नोकरी-धंदा नव्हे. जेवण, अभ्यास, खेळ, बागकाम असे माणूस ज्यात गुंततो ते प्रत्येक काम. भारतात हे शास्त्र रुजवले कमलाबाई निंबकर यांनी. त्या जन्माने अमेरिकन; विवाहानंतर निंबकर कुटुंबात आल्या. १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाची देशातील पहिली शाळा सुरू केली. फलटणच्या 'कमला निंबकर बालभवन' या शाळेला त्यांचेच नाव दिलेले आहे.

व्यवसायोपचारात रुग्णाला विचारतात, "कोणते काम तुम्हाला पुन्हा स्वतः करायचे आहे?" पक्षाघातानंतर मूठ उघडण्या-मिटण्याचा नुसता व्यायाम कंटाळवाणा होतो. तोच हात कणीक मळू लागला, सदऱ्याची गुंडी लावू लागला, की स्नायूंना व्यायाम मिळतो आणि 'हे मला जमते' हा विश्वासही परत येतो. मात्र काम सक्तीचे किंवा विश्रांतीवाचून असेल, तर तेच काम माणसाला थकवते. म्हणजे काम किती केले याइतकेच ते करताना कसे वाटले, हेही महत्त्वाचे.

आपल्या घरांत काय होते? प्रेमापोटी आपण आजीच्या हातातली भाजी निवडायला घेतो आणि मुलाचे दप्तरही आपणच भरतो. आराम दोघांनाही मिळतो; पण आजीला 'आता माझा उपयोग नाही' असे वाटू लागते आणि मूल परावलंबी होते. छोट्या कामाला कमी लेखू नये, हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको. २०१७ मध्ये आपले शहर स्वच्छतेत देशात पहिले आले, त्यात घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या हातांचा मोठा वाटा होता.

करून पाहा :
१. घरातील एक काम आठवडाभर स्वतः करा.
२. करताना कसे वाटले, ते रोज दोन ओळींत वहीत लिहा.
३. आजी-आजोबांना विचारा, "कोणते काम तुम्हाला स्वतः करायला आवडेल?" ते त्यांच्याकडेच राहू द्या. आजारी व्यक्तीच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला आधी घ्या.

वह्या वर्गात अवश्य आणा. आपण त्या मिळून वाचू.