मॉडिफाय गाडी विकताना

‘एमएच-२९ पासिंग, पोलो जीटी टीएसआय, रिमॅप, परफॉर्मन्स एक्झॉस्ट, १७ इंची अलॉय, लोअरिंग स्प्रिंग, शौकिनाची गाडी.’ नागपूरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याची ही जाहिरात. फोटोतली गाडी प्रस्तुत लेखकाची होती. यवतमाळहून ती नेताना याच व्यापाऱ्याने यातल्या प्रत्येक गोष्टीपोटी पैसे कापले होते. जाहिरातीत त्याच गोष्टी चढा भाव मागण्यासाठी ओळीने मांडल्या होत्या.

यवतमाळ जिल्ह्यात खरीखुरी स्पोर्ट्स कार क्वचितच दिसते. इथल्या शौकिनाची धाव बहुधा पोलो जीटीपर्यंत. चाकणच्या कारखान्यात बनलेली, २०१३ साली आलेली ही गाडी: १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२२ मध्ये पोलो भारतात बंद झाली, तरी जुन्या जीटीची विचारणा थांबलेली नाही. लेखकाच्या गाडीची सर्व्हिस वेळेवर झालेली, प्रत्येक पार्टचे बिल फाइलमध्ये, काम माहितगार माणसाकडून करून घेतलेले. त्यामुळे भावही तसाच येईल, ही अपेक्षा अवास्तव नव्हती.

व्यापारी आला तो मोठ्या प्रेमाने. नागपूर रोडने कळंबपर्यंत गाडी स्वतः पळवली. वाटेत दोनदा उतरून एक्झॉस्टचा आवाज मोबाइलवर टिपला, कुणाला तरी पाठवला. “भाऊ, गाडी तं जबरदस्त आहे,” हे त्याचेच शब्द. घरी येऊन चहा झाला आणि सूर पालटला. “पण मॉडिफाय आहे ना भाऊ, गिऱ्हाईक भेते. स्टॉकवर आणून द्या, मंग पाहू.” रिमॅपचे इतके वजा, स्प्रिंगचे इतके, सायलेन्सरचे इतके. अलॉयचे तर सांगूच नका, म्हणाला. मघाचे टिपलेले आवाज बहुधा तेव्हाच पुढच्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पोचलेले असावेत. हा दुटप्पीपणा मनातून जात नाही, आणि जाऊही नये.

तरी त्याचे सगळेच म्हणणे खोटे नव्हते, आणि विकणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे. जीटीच्या ड्राय क्लच डीएसजीची क्षमता २५० न्यूटन मीटर टॉर्कची. कंपनीचे इंजिन १७५ देते. रिमॅपने, म्हणजे इंजिनाच्या ईसीयूतली फाइल बदलल्याने, टॉर्क वाढतो आणि मधली मोकळी जागा कमी होते. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा गर्दीत रांगणाऱ्या गाडीचा क्लच किती तापला असेल, हे दुसऱ्या मालकाला कळायला मार्ग नसतो. तो न दिसणाऱ्या झिजेचे पैसे कापतो. अलॉय काढून ठेवता येतात, क्लचचा इतिहास पुसता येत नाही. म्हणून भावावर सर्वांत खोल घाव रिमॅपचा बसतो.

दुसरी अडचण कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल चालत नाही. केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. व्यापारी नेमका हाच धाक घालतो. आणि जाहिरात देताना तोच कायदा विसरतो.

विम्यातही वरखर्चाला आपोआप जागा नसते. गाडीची विमा किंमत कंपनीच्या जाहीर विक्री किमतीवरून ठरते आणि घसारा धरत चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के उरते. बाहेरून बसवलेले सामान वेगळे दाखवले आणि त्याचा हप्ता भरला, तरच ते मोजले जाते.

चित्रपटात पॉल वॉकरने चालवलेली नारिंगी टोयोटा सुप्रा २०२१ मध्ये अमेरिकेतील लिलावात ५ लाख ५० हजार डॉलरला गेली, हे उदाहरण शौकीन मंडळी हमखास देतात. ती किंमत त्या नटाची आणि त्या चित्रपटाची होती. एमएच-२९ ला ती लागू नाही.

तेव्हा पार्ट बदलला त्याच दिवशी मूळ पार्ट कापडात गुंडाळून घरी ठेवावा: रिम, सायलेन्सर, स्प्रिंग, सगळे. ट्यूनरकडून मूळ ईसीयू फाइल परत टाकून घ्यावी आणि तसे लेखी घ्यावे. गाडी दाखवण्याआधी ती स्टॉकवर आणावी, आणि काढलेले पार्ट शौकिनांना सुटे विकावेत. व्यापाऱ्याला फुकट देऊ नयेत. रंग बदलायचा तर आरसीवर नोंद करूनच. काचेवरची फिल्म काढून टाकावी, २०१२ मध्ये तिच्यावर बंदी आली होती. गाडी धुऊन-पुसून स्वच्छ ठेवावी, घाई करू नये, दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा. टेस्ट ड्राइव्हला आलेल्याने कितीही स्तुती केली, तरी आकडा कागदावर येईपर्यंत ती ऐकून सोडून द्यावी.

शेवटचा चटका वेगळाच होता. गाडी गेल्यानंतर नागपुरात वेगमर्यादा मोडल्याचा ई-चलान लेखकाच्या मोबाइलवर आला, कारण व्यापाऱ्याने नाव बदललेच नव्हते. फोन केला तर, “होऊन जाईल भाऊ.” फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन व्यापारी गाडी तशीच फिरवत राहतो. एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरला गाडी सोपवताना फॉर्म २९-सी ची ऑनलाइन सूचना देता येते. तिच्यानंतर त्या गाडीचा जबाबदार मालक डीलर मानला जातो. समोरचा अधिकृत आहे का, हे त्याच्याकडे अधिकृत डीलर असल्याचे प्रमाणपत्र मागून पाहावे आणि ही सूचना भरल्याशिवाय किल्ली देऊ नये.