रात्री ते पिस्तूल कुठे असतं?

सातारा,
२४ जुलै २०११

चि. बाळू,

परवा रात्री न्यू जर्सीहून ताईचा फोन आला. तुमच्याकडे राहून आल्याचं सगळं सांगितलं, चिमीचं कौतुक तर किती करू आणि किती नको असं झालं होतं तिला. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "काका, माझं नाव सांगू नका, पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे." नाव मी सांगतो आहे, कारण आपल्या घरात पाठीमागे बोलायची रीत नाही. तिच्यावर रागावू नकोस. तुझं नवं पिस्तूल पलंगाशेजारच्या खणात असतं, भरलेलं असतं, चेंबरमध्ये गोळी असते आणि खणाला कुलूप नाही, असं तिने पाहिलं. बरोबर मिळालेलं कुलूप अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत गॅरेजमध्ये पडलं आहे. ती बोलली तर तू म्हणालास, "ताई, याचा चाप इतका लांब आणि जड आहे की चुकून उडायची भीतीच नाही."

बाळू, घरात तीन वर्षांची पोर आहे. हे वाक्य तुझ्या तोंडून निघालंच कसं?

तुझी मोठी ई-मेल धाकट्याने मागच्या आठवड्यात छापून आणून दिली होती. ती मी आवडीने वाचली, तेही खरं. रुगरचं एलसी ९, यंदाच बाजारात आलेलं, नऊ एमएमचं, सात गोळ्यांचं मॅगझीन, रिकामं असताना अर्धा किलोसुद्धा भरत नाही. आम्ही फौजेत आयुष्यभर जे ब्राउनिंग वागवलं, ते ईशापूरच्या कारखान्यातलं, तेरा गोळ्यांचं आणि वजनाला जवळजवळ दुप्पट. तू रेंजवरचं लिहिलं आहेस ते नेमकं लिहिलं आहेस. स्लाइडची स्प्रिंग ताठ आहे, करंगळीला मुठीवर जेमतेम जागा मिळते, हलकं असल्यामुळे धक्का मनगटापर्यंत येतो. चाप ओढता ओढता संपतच नाही असं वाटतं आणि मग अचानक गोळी जाते. पहिल्या मॅगझीनच्या गोळ्या सात यार्डांवर खाली आणि डावीकडे गेल्या, पुढे पुढे जमत गेलं. शाबास.

खाली-डावीकडे का जातात ते सांगतो. तू उजव्या हाताचा. लांब चाप ओढताना तर्जनीबरोबर तुझी सगळी मूठच आवळली जाते आणि नळी तिकडे झुकते. आमचे उस्ताद एकच पाठ घोकून घ्यायचे: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, आणि चापावर फक्त एक बोट. फोरसाईटच्या मागे, स्लाइडच्या सपाटीवर, एक छोटं नाणं ठेव आणि रिकाम्या पिस्तुलाचा चाप असा ओढ की नाणं पडता कामा नये. इकडे चार आण्याचं नाणं गेल्याच महिन्यात सरकारने बंद केलं, तुझ्याकडे सेंटचं चालेल.

पण हा रिकाम्या पिस्तुलाचा सराव म्हटला की मी पुन्हा त्याच प्रश्नावर येतो. हात धुऊन तू जेवायला बसतोस, तेव्हा ते पिस्तूल कुठे असतं?

चाप जड आहे म्हणून बिनधोक, हे तुझं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटते. आमच्या ब्राउनिंगचा घोडा एकदा चढला की चाप हलका आणि आखूड, म्हणून त्याची सेफ्टी आम्ही जिवापाड सांभाळायचो. तुझ्या पिस्तुलाच्या जातीत घोडा चढून राहत नाही. दर गोळीला बोटाने लांब पल्ला ओढावा लागतो, पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत तसाच. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९३ साली रिव्हॉल्व्हर सोडून नऊ एमएमची पिस्तुलं घेतली, तेव्हा अशाच लांब, जड चापाचा आग्रह धरला होता. घाबरलेल्या शिपायाचं बोट नकळत आवळलं जाऊ नये, एवढ्यासाठी तो चाप. शिकलेल्या माणसाच्या बोटासाठी ती सोय केली आहे. पोर तर्जनीने चाप ओढतच नाही. ती पिस्तूल उलटं धरते, नळी स्वतःच्या छातीकडे येते, आणि दोन्ही अंगठे चापात घालून सगळ्या अंगाने ढकलते. दोन अंगठ्यांपुढे जड चाप काय करणार? आणि त्यावर तू लिहितोस की अंगठ्याची सेफ्टी लावतच नाही, चाप हीच सेफ्टी. ज्यांनी ते पिस्तूल घडवलं त्यांनी ती कळ उगाच बसवली का?

आता दुसरी गोष्ट, आणि ही नीट वाच. तुझ्या पिस्तुलात मॅगझीन नसलं तर चाप चालत नाही. आमच्या ब्राउनिंगलाही तीच तऱ्हा होती. लोकांना वाटतं ही मोठी सुरक्षितता. त्यातूनच मी अपघात झालेला पाहिला आहे. मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, अशी मनाची समजूत होते, पण चेंबरमधली गोळी तिथेच असते. घरी रिकाम्या चापाचा सराव करायचा तर तुला रिकामं मॅगझीन परत आत घालावंच लागतं. म्हणजे चेंबर पाहायचं राहून गेलं तर तू स्वतःच्या हाताने पिस्तूल उडण्याजोगं करतोस आणि मग ते रिकामं आहे असं समजून चाप ओढतोस. स्लाइडच्या पाठीवर पट्टी वर आली की चेंबरमध्ये गोळी आहे असं कळतं म्हणतोस. असू दे. पट्टीवर विसंबू नकोस. आधी मॅगझीन काढ, मग स्लाइड मागे ओढून अडकव, डोळ्याने बघ, करंगळी घालून चाचप. आणि सराव करताना गोळ्या त्या खोलीत नकोतच.

बेळगावच्या सेंटरवरून पलटणीत गेल्यानंतरची गोष्ट. शेजारच्या कंपनीत एक पोरगा होता, आपल्याच तालुक्यातला. नेमबाजीत त्याचा हात कोणी धरत नसे, चांदमारीला गेलो की आम्ही आपलं टार्गेट सोडून त्याचं बघत राहायचो. एका रात्री गार्डवरून सुटलेल्या दुसऱ्याच कोणी पिस्तूल असंच "रिकामं" केलं, मॅगझीन काढलं, परत घातलं, चाप ओढला. गोळी फळीच्या भिंतीतून पलीकडे गेली आणि झोपलेल्या या पोराच्या मांडीत शिरली. हाड गेलं. पेन्शन घालून घरी पाठवला त्याला. दरवर्षी रजेत त्याच्या गावी जाऊन यायचं ठरवायचो, आपल्या गावापासून एसटीने तासाभराची वाट. जाणं झालं नाही, आणि आता तो नाही. ज्याच्या हातून उडालं तो माणूस वाईट नव्हता, दारू प्यायलेला नव्हता. रोजच्यासारखंच काम करत होता. तुझ्या खणाचं ऐकल्यापासून मला तो आठवतो आहे.

आपल्या घरात हत्यार नवीन नाही, हे तुला माहीत आहे. आजोबांची बाराबोअरची बंदूक होती, परवान्याची. रानडुकरं भुईमुगात शिरायची म्हणून घेतलेली. ती माडीवर नळी वेगळी, दस्ता वेगळा अशी असायची, काडतुसं खालच्या लोखंडी पेटीत आणि पेटीची किल्ली आजोबांच्या करगोट्याला. निवडणूक आली की ते ती स्वतः सायकलवर बांधून पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि पावती देवघरात ठेवायचे. दादा आणि मी, आम्ही कधी त्या बंदुकीला त्यांच्या परवानगीशिवाय हात लावला नाही, पण म्हणून त्यांनी किल्ली कधी खुंटीला टांगली नाही. पोरांच्या शहाणपणावर त्यांनी बंदूक सोडली नव्हती.

तुझ्या देशातला कायदाही हेच सांगतो. २००५ च्या कायद्याने दुकानदाराला पिस्तुलाबरोबर कुलूप किंवा तसलं काही द्यावंच लागतं, म्हणून ते तुला मिळालं. तुमच्या टेक्सासमध्ये १९९५ पासून आणखी एक कायदा आहे, धाकट्याने तो मला मराठीत सांगितला. भरलेलं हत्यार निष्काळजीपणे ठेवलं आणि ते सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं की गुन्हा मोठ्या माणसावर. मुलाच्या हातून कोणी मेलं किंवा जबर जखमी झालं तर वर्षभराचा तुरुंग होऊ शकतो. पण मी तुला तुरुंगाची भीती घालत नाही. त्यानंतर तुरुंगाचं तुला काय वाटणार आहे?

रागाने लिहिलं गेलं. इथपर्यंत वाचलंस तर थोडं पाणी पी.

पिस्तूल का घेतलंस हे मला कळत नाही असं समजू नकोस. शेजारच्या घरात भरदिवसा चोर शिरले, तुझी कामाची पाळी रात्रीची, सूनबाई आणि पोर घरात एकट्या, पोलिसांना यायला वेळ लागतो, हाका मारायला भावकी नाही, आळी नाही. ग्रीन कार्ड हातात आलं आणि तू आधी हे घेतलंस, यात पोरकट हौस नाही हे मी ओळखतो. दादा गेला तेव्हा तू आठवीत होतास. त्या वर्षी पालच्या खंडोबाच्या यात्रेला तुला घेऊन गेलो तर तू छर्‍याच्या बंदुकीने एकामागून एक फुगे फोडलेस आणि एकदाही हसला नाहीस. घरी येताना गाडीत म्हणालास, "काका, आता आईला आणि मला कोण सांभाळणार?" मी होतो, पण माझी रजा संपत आली होती. तो प्रश्न तू अजून मनात धरून आहेस, असं मला कधीकधी वाटतं. आता सांभाळणारा तू झालास, म्हणून उशाला हत्यार घेऊन झोपतोस.

तर मग ते विकून टाक असं मी सांगत नाही. तुझ्या घराचं तू ठरव. पण बटणांची छोटी पोलादी पेटी तिकडे दुकानात मिळते, अंधारात नुसत्या बोटांनी खुणेची बटणं दाबली की उघडते. ती पलंगाच्या चौकटीला स्क्रूने पक्की बसव. पिस्तूल अंगावर नसेल तेव्हा त्या पेटीत, दुसरीकडे कुठेही नाही. गाडीत नाही, सूनबाईंच्या पर्समध्ये नाही, फ्रिजवर नाही. पोर फ्रिजपर्यंत पोचत नाही असं म्हणू नकोस, खुर्ची ओढायला तिला किती वेळ लागतो? आणि सूनबाईंना रेंजवर घेऊन जा. त्यांना गोळ्या झाडायची आवड नसेल तर नसू दे, पण पिस्तूल रिकामं कसं करायचं ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला यायलाच हवं. ताई म्हणाली, त्या खणाकडे बघतसुद्धा नाहीत, भीती वाटते. त्यांच्याशी बोल रे. एका घरात दोघांपैकी एकाला ज्याची भीती वाटते, त्याबद्दल न बोलता राहू नये.

मे महिन्यात तुम्ही आला होतात तेव्हा काकूचं फडताळ आठवतं? वरची कडी चिमीच्या हाताला येणार नाही म्हणून काकू निर्धास्त होती. पोरीने पाट आणला, पाटावर डबा ठेवला, डब्यावर उभी राहिली आणि उलथन्याने कडी सरकवली. आम्ही सगळे ओटीवर होतो. बेसनाचा लाडू तोंडात, दुसरा हातात, आणि आम्हाला बघून तिने हातातला लाडू पुढे केला, "आजोबा, घे." तेव्हा मी तिला उचलून घेतलं. अजून तो बेसनाचा हात माझ्या गालावर आहे असं वाटतं. ती हुशार आहे म्हणून मला भीती वाटते, बाळू. ती तुझ्यावर गेली आहे.

माझ्या लेकीचं लहानपण मला रजेच्या तुकड्यांत मिळालं. ती चालायला लागली तेव्हा मी सीमेवर होतो, बोलायला लागली ते काकूच्या पत्रातून कळलं, आणि रजेवर आलो की पहिले दोन दिवस ती मला बघून आईच्या पदरामागे लपायची. तुला चिमी रोज सकाळी अख्खी मिळते. तिला पोटभर बघ. कामावरून दमून आलास तरी दहा मिनिटं जमिनीवर बसून तिच्याशी खेळ. रेंजवर महिन्यातून एकदा कमी गेलास तरी चालेल, नेम कुठे जात नाही.

काकूने मेतकूट आणि कुळथाचं पीठ करून ठेवलं आहे, कोणी येणार असेल तर कळव. तुझ्या आईची तब्येत बरी आहे, गुडघ्याचं औषध चालू आहे. तिला यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

हे पत्र पोचायला पंधरा दिवस तरी लागतील, तोवर माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही, म्हणून याची नक्कल धाकट्याकडून ई-मेलनेही पाठवतो आहे. वाचलंस की येत्या रविवारी तुमच्या सकाळी फोन कर. पेटी आणली आणि बसवली, एवढं आधी सांग, मग बाकीचं बोलू. सूनबाईंनाही फोनवर बोलव आणि शेवटी फोन चिमीला दे.

सर्वांस आशीर्वाद.

तुझा,
काका