पेद्दलकु मात्रमे : हैदराबादेत नव्याने आलेल्या आईवडिलांसाठी

गच्चीबावलीत नुकतंच राहायला आलेलं एक नागपूरकडचं कुटुंब तेलुगू पिक्चरला गेलं. एका संवादावर सगळं थिएटर खो खो हसलं, आणि त्यात त्यांचा दहा वर्षांचा मुलगाही होता. आईवडील बावचळून पडद्याकडे बघत राहिले, कारण पडद्यावर तर एक काका भाजी निवडत बसले होते. घरी आल्यावर अर्थ विचारला तर चिरंजीव लाजले आणि म्हणाले, "शाळेत सगळे म्हणतात."

काचीगुडा-बरकतपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत हा किस्सा सांगितला तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. इथे प्रत्येकाच्या घरी असं काही ना काही घडलेलं आहे. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने शाळांत तेलुगू सक्तीचं झालं, त्यामुळे पोरं वर्ष-दोन वर्षांत भाषा उचलतात. आपण मात्र भाजीवाल्यापुरत्या तेलुगूवर अडकतो. मग पिक्चर आपण डोळ्यांनी तपासतो आणि मुलं तो कानांनी बघतात. पुण्यात किंवा नाशकात ही अडचण नसते. म्हणून हे लिहून ठेवायचं ठरलं.

आधी सेन्सॉरच्या शिक्क्याचं बघू. पोस्टरवर आणि तिकिटाच्या अॅपवर पूर्वी नुसतं 'यूए' असायचं. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला आणि यूएचे तीन भाग झाले : ७+, १३+ आणि १६+. यूएच्या पिक्चरला तुमचं मूल त्या वयाहून लहान असेल तर न्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं असतं, दारावरचा माणूस अडवत नाही. 'ए'चं तसं नाही. तिथे अठराखालच्याला आईबाप बरोबर असले तरी प्रवेश नाही. पोस्टरवर तेलुगूत 'पेद्दलकु मात्रमे' दिसलं तर समजा, फक्त मोठ्यांसाठी. "मांडीवर घेऊन बसतो की," म्हणून दारात वाद घालणारे आपलेच लोक आम्ही पाहिले आहेत. तो वाद घालू नका, मुलासमोर तर मुळीच नको.

नटाचं नाव बघून अंदाज बांधण्याचे दिवस गेले. रजनीकांत म्हणजे सहकुटुंब, असं आमच्या पिढीचं गणित होतं. २०२५ मध्ये त्याच्याच 'कुली'ला 'ए' मिळालं. ते बदलून घ्यायला निर्माते मद्रास उच्च न्यायालयात गेले, पण याचिका फेटाळली गेली. त्याच वर्षी 'हिट ३' आला तेव्हा नायक नानीने स्वतःच सांगितलं होतं की हा मुलांना दाखवू नका. बापाने ऐकायचं की पोराच्या हट्टाचं, एवढाच प्रश्न होता.

शिक्क्यानंतर शेजारी. हे वाक्य पाठ करा : "फॅमिलीतो चूडोच्चा?" म्हणजे घरच्यांबरोबर बघता येईल का? लिफ्टमध्ये कुणालाही विचारा, हैदराबादी माणूस पिक्चरबद्दल सल्ला द्यायला नेहमी तयार असतो. पण उत्तर नीट ऐका. "चूडोच्चु" याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की चुंबन वगैरे नाही. कत्तीने माणसं सपासप कापलेली असली, पडदा लालभडक झाला, तरी तो 'मास' पिक्चर, आणि मास चालतं. २०१७ मध्ये 'अर्जुन रेड्डी'च्या वेळी इथल्या एका बड्या काँग्रेस नेत्याने बसवरचं चुंबनाचं पोस्टर फाडलं होतं. मुंडकी उडवणारं पोस्टर कुणी फाडल्याचं आमच्या ऐकिवात नाही. तेव्हा दुसरा प्रश्न वेगळा विचारा : मारामारी किती, आणि ती कशी दाखवली आहे? आमच्यातल्या एका आजींच्या मते मुलांची झोप चुंबनाने उडत नाही, रक्ताने उडते. आम्हालाही तसंच वाटतं.

हिंदी डब बघून ठरवत असाल तर एवढं ध्यानात ठेवा की प्रत्येक भाषेतल्या आवृत्तीला वेगळं प्रमाणपत्र लागतं. कापाकापीही वेगळी होऊ शकते. ओटीटीवर तर सेन्सॉर बोर्डाचा संबंधच नसतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीच वयोगट ठरवते, आणि १३+ पासून पुढच्या गोष्टींना कुलूप घालायची सोय देणं तिला बंधनकारक आहे. थिएटरात कापलेलं दृश्य तिथे परत येऊ शकतं. कुलूप लावा, पण पिन मुलाची जन्मतारीख ठेवू नका. (हसू नका, तीन घरांत तीच निघाली.)

खेळाची वेळही बघा. ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री आरटीसी क्रॉस रोड्सवरच्या संध्या थिएटरात 'पुष्पा २'च्या प्रीमियरला चेंगराचेंगरी झाली. त्यात एक आई गेली आणि तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. पुढे जानेवारीत तेलंगण उच्च न्यायालयाने सोळाखालच्या मुलांना सकाळी ११ च्या आधी आणि रात्री ११ नंतर थिएटरात सोडू नये असं सांगितलं, मार्चमध्ये ती बंदी उठली. कायद्याने उठली, आमच्या घरांत आहे. मोठ्या नटाचा पिक्चर पहिल्या आठवड्यात नक्को, असं आम्ही दखनीतच सांगतो.

आणि आपल्या भाषेतला म्हणून कुठलाही पिक्चर बिनधोक समजू नका. 'सैराट'चा उत्तरार्ध इथेच, हैदराबादेत घडतो. नायिका आर्ची इथे येऊन तेलुगू शिकते, कारखान्यात कामाला लागते. आपल्या मुलांना तो भाग फार जवळचा वाटतो, "हे आपलं हैदराबाद!" म्हणून ती ओरडतात. आणि मग ते शेवटचं आवाज नसलेलं दृश्य येतं, रक्तात उमटलेल्या बाळाच्या पावलांचं. गाण्यांच्या नादात आम्ही काहींनी आठ-नऊ वर्षांच्या मुलांना तो दाखवला. कुकटपल्लीतल्या एका मुलीने पुढचे कित्येक दिवस दाराची कडी दोनदा तपासली. तेच तिच्या ताईने पंधराव्या वर्षी पाहिलं आणि जातीबद्दल असे प्रश्न विचारले की बाबांना उत्तरं शोधावी लागली. त्या घरात दोघींना एकच नियम लावता आला नसता.

थिएटरात गेलाच तर कडेच्या खुर्च्या घ्या, म्हणजे कुणाचे पाय न तुडवता उठता येतं. मियापूरच्या एका बाबांनी लेकीशी खूण ठरवली आहे : तिने पाणी मागितलं की काही न विचारता बाहेर पडायचं. आतापर्यंत तिने दोनदा मागितलं. त्यातल्या एकदा तिला खरंच तहान लागली होती.