जहाजाचा दोर आणि प्लेगचा उंदीर

भोसरीतून समुद्र दिसत नाही. आमच्या भागातल्या कारखान्यांतले सुटे भाग लाकडी पेट्यांत भरले जातात, कंटेनरमधून घाट उतरतात आणि न्हावा-शेव्याला जहाजावर चढतात. एवढाच आपला समुद्राशी संबंध, असे मी समजत होतो. म्हणून इतिहासाच्या अभ्यासासाठी ‘बंदरे व जहाजे यांची आरोग्य-तपासणी’ हा विषय मी घेतला, तेव्हा मित्रांनी यथेच्छ थट्टा केली. पण या विषयाचा धागा धरून निघालो, तो थेट चिंचवडला येऊन पोहोचलो.

१८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातले. तिथेच येरसँ या शास्त्रज्ञाने प्लेगचा जंतू शोधून काढला. दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे बंदरालगतची, धान्याच्या वखारींनी भरलेली वस्ती. हा रोग हाँगकाँगकडून जहाजांबरोबर आला असावा, असे सामान्यतः मानले जाते. घाबरलेली माणसे मुंबई सोडून पळू लागली आणि आगगाडीबरोबर प्लेग पुण्यात शिरला.

पुढचा भाग आपण शाळेत शिकलेलो असतो. १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरे तपासली, माणसे बाहेर काढली, सामानसुमान जाळले. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. ती झाडणारे चापेकर बंधू आपल्या चिंचवडचे. चापेकर चौकातून मी शेकडो वेळा गेलो आहे. पण त्या गोळीमागे मुंबई बंदराला लागलेले एखादे जहाजही उभे आहे, हे कधी मनात आले नव्हते.

इथे मला थांबावेसे वाटते. त्या तपासणीत जुलूम तर होताच, पण अज्ञानही होते. माणसाची काख आणि जांघ चाचपली जात होती. खरा प्रवासी उंदीर होता आणि त्याच्या अंगावरची पिसू होती. ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवली. त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत परळला झालेल्या संशोधनाने ती पक्की झाली. म्हणजे रँड मेला, फाशी गेले ते वीर फाशी गेले, आणि मग कळले की शोधायचा होता तो उंदीर!

ज्ञान बदलले तशी तपासणीची नजर बदलली. १९२६ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय कराराने जहाजांवर ठरावीक मुदतीने उंदीर-निर्मूलन करणे किंवा उंदीर नसल्याचा दाखला घेणे बंधनकारक केले. धक्क्याला बांधलेल्या जहाजाच्या दोरांवर पत्र्याच्या मोठ्या गोल चकत्या असतात. त्या शोभेच्या नव्हेत. दोरावरून चालत येणाऱ्या उंदराची वाट त्या अडवतात.

आज आपल्याकडे हे काम १९५५ च्या बंदर आरोग्य नियमांनुसार आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या नियमावलीनुसार चालते. ही नियमावली २००७ पासून अमलात आली आणि केवळ उंदरांच्या दाखल्याची जागा संपूर्ण जहाजाच्या स्वच्छतेच्या दाखल्याने घेतली. त्याची मुदत सहा महिने. दोष नसेल तर तसा दाखला; दोष सापडून उपाय झाले असतील तर वेगळा दाखला.

माझा एक मामेभाऊ मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. त्याच्याकडून ऐकले ते पुस्तकांत सापडले नाही. तो म्हणाला, “अरे, साहेब येतो तो आधी माझ्याच मुदपाकखान्यात शिरतो.” कच्च्या मांसाची फळी आणि भाजीची फळी वेगळी आहे का, शीतपेटीचा पारा किती, डाळीच्या पोत्यामागे झुरळे आहेत का, हे सारे तो पाहतो. मग पिण्याच्या पाण्याची टाकी, सांडपाणी, कचरा, खलाशांच्या खोल्या, आजाऱ्यांची नोंदवही. एका बंदरात पिण्याच्या पाण्याची रबरी नळी डेकवर तोंड उघडे टाकून पडलेली सापडली. माझ्या भावाने ती स्वतः टाकली नव्हती, पण बोलणी त्याने खाल्ली. बारीकशी गोष्ट; पण त्या नळीच्या तोंडातून सगळ्या जहाजाला हगवण लागू शकते.

पिवळ्या निशाणाची गंमतही त्यानेच सांगितली. पिवळे निशाण म्हणजे रोगाचे जहाज, असा माझा समज. आज त्याचा अर्थ उलटा आहे : माझे जहाज निरोगी आहे, बंदरात येण्याची परवानगी द्या.

उंदराइतकीच आता डासावर नजर असते. पीतज्वर आफ्रिकेत व दक्षिण अमेरिकेत आहे, आपल्याकडे नाही. मात्र तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे मुबलक आहे. एक बाधित खलाशी आणि धक्क्यावरचे साचलेले पाणी एवढे जमले तरी पुरे. म्हणून बंदराच्या वापरातील जागेपासून निदान चारशे मीटरपर्यंत डासांची पैदास होऊ द्यायची नाही, असा दंडक आहे.

गेल्या पावसाळ्यात हाच भाऊ सुट्टीवर आमच्याकडे आला होता. गल्लीच्या तोंडाशी एका वर्कशॉपबाहेर जुने टायर रचलेले होते, आत पाणी साचलेले. आम्ही रोज तिथून जातो. तो मात्र थांबला, वाकून पाण्यात पाहिले, आणि बोलता बोलता एकेक टायर उलटा करून पाणी ओतू लागला.