रविवारी आलेला २६ जानेवारी

मूळचा मी नगरकडचा. कंपनीतल्या नोकरीपायी मावळात टाकव्याला आलो, निवृत्त झाल्यावरही इथंच राहिलो. सुट्ट्या जोडून आल्या की पुण्या-मुंबईच्या गाड्या मावळात लोटतात. आमच्या घरी त्याच दिवसांत वेगळी ओढाताण असते. चर्चमधली उपासना चुकवायची नाही आणि ज्यांनी जीव दिला त्यांनाही विसरायचं नाही. चुकत चुकत जे कळलं, ते सांगतो.

१. दोन्हींना आपापली वेळ द्या. २६ जानेवारी २०२५ रविवारी आला. सकाळी गावात झेंडावंदन केलं, जिलेबी कागदात बांधून घेतली आणि चर्चला जायला कान्ह्याला लोकल गाठली. रस्त्याने निघालो असतो तर पहिलं गीत हुकलंच असतं.

२. उपासनेत भाषण नको. ही चूक माझीच. एका वर्षी पाळकांनी मला दोन मिनिटं दिली, मी वीस घेतली. १९६५, १९७१, कारगिल, सगळं झालं. प्रभुभोजन घाईत उरकावं लागलं. त्याहून वाईट म्हणजे, बोलण्याच्या भरात जवानाचं मरण आणि ख्रिस्ताचं मरण मी एकाच मापाने मोजलं. जवानाचं ऋण मोठंच आहे, पण भाकर मोडतो ती ख्रिस्ताच्या आठवणीसाठी. बाहेर एक म्हाताऱ्या बाई थांबल्या होत्या. त्यांचा मुलगा फौजेत गेला तो परत आलाच नाही. म्हणाल्या, "भाऊ, एवढं बोललात, माझ्या पोराचं नाव नाही घेतलंत." तेव्हापासून आम्ही मध्यस्थीच्या प्रार्थनेत नावं घेतो, जरा वेळ गप्प राहतो आणि पुढे जातो. चार मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

३. नातवंडांना खडकीला न्या. तिथल्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं स्मारकही तिथंच आहे. दगडावर हुद्दा कोरलेला असतो, पण अधिकारी असो की साधा शिपाई, दगड सारखाच. घरच्यांना खाली एक ओळ कोरून घ्यायची मुभा होती. नातवाने विचारलं, "आजोबा, हे इंग्रजांच्या फौजेतले ना? मग आपले कसे?" मला उत्तर सुचलं नाही, अजूनही नीट सुचत नाही. आम्ही दोघं वयं वाचत हिंडलो. बरेचसे विशीतले.

४. गुड फ्रायडेला शुभेच्छा पाठवू नका. दर वर्षी फोनवर चार-पाच येतातच! पाठवणाऱ्याचा भाव चांगला असतो, मी रागावत नाही. पण तो ख्रिस्ताच्या मरणाचा दिवस; त्या दिवशी आम्ही दुपारी बारा ते तीन क्रूसावरच्या सात उद्गारांवर मनन करतो.

५. जीव सीमेवरच जातो असं नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या बंद जलवाहिनीविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ ला मावळातले शेतकरी बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे गेले. २०२५ मध्ये ती तारीख शनिवारी, नेमकी राखीपौर्णिमेला आली. दुसऱ्या दिवशीच्या उपासनेत जवानांच्या नावांपाठोपाठ ही तिन्ही नावं घेतली. एकदोघांना ते राजकारण वाटलं. वाटू दे.

येत्या ९ ऑगस्टला पुण्याहून द्रुतगतीने लोणावळ्याकडे निघालात तर वाटेत बऊर लागेल. ही तीन नावं तेवढी गाडीतल्या मुलांना सांगा.